ठकठक काकूंची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. काठी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे म्हाताऱ्या माणसाच्या हातातली वाकडी मूठ आली असेल, तर ती पुसून टाका. मी बांबूची आहे, सरळ आहे आणि उंच माणसाने हात वर केला तरी त्याच्याहून वर पोहोचेन एवढी लांब आहे. माझ्या टोकाला कुंचा बांधलेला असतो. छताच्या कोपऱ्यातली जळमटं काढणं हे माझं काम. निदान मला विकत घेतलं तेव्हा तरी तसंच ठरलं होतं. पुढे मी सिनेमात गेले. हसू नका, खरं सांगते आहे.

माझा जन्म बांबूच्या बेटात झाला. माझ्या बरोबरीच्यांपैकी कोणी शिडी झाले, कोणी टोपल्या झाले. मला एका काकांनी बाजारात पारखून घेतलं. घरी आणल्यावर ते पॉलिशपेपर घेऊन अख्खी दुपार मला घासत बसले. "तिच्या हाताला कुसळ लागायला नको," एवढंच ते म्हणाले. काका आता नाहीत. पण त्यांनी घासलेली जागा अजून गुळगुळीत आहे आणि काकू मला नेमकं तिथेच धरतात. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आमच्या काकू पहिल्या मजल्यावर राहतात. त्यांचं सगळं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, कानाला यंत्र लावून, लोकांचे आवाज जोडून देण्यात गेलं. त्यामुळे त्यांचे कान असे तयार झाले की तिसऱ्या मजल्यावर नळ गळायला लागला, तर ते तिथे राहणाऱ्यांच्या आधी काकूंना कळतं. अशा बाईच्या नशिबी वरच्या मजल्यावर कोण यावं? बसस्थानकावरचे निवेदक!

ते आजोबा जन्मभर फलाटांची आणि बसगाड्यांची नावं पुकारत आले होते. नंतर स्थानकावर यंत्र बसलं आणि आजोबा घरी बसले. पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. रोज सकाळी तो छतातून खाली यायचा. "लक्ष द्या! आंघोळीसाठी जाणाऱ्या सर्वांनी लक्ष द्या! पाणी तापलेलं आहे!" हे ऐकलं की काकूंनी मला उचललंच. माझा कुंच्याचा भाग खाली, बुंधा वर, आणि छतावर ठक ठक. त्यावर वरून दुप्पट मोठ्याने उत्तर यायचं, "खालच्या मजल्यावरून तक्रार आलेली आहे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत!"

काकूंचा नुसता तिळपापड व्हायचा. वर्षानुवर्षं हे असं चाललं. छतावर त्या जागेचा रंग उडून बशीएवढा डाग पडला, माझा बुंधा ठेचला गेला आणि इमारतीतले लोक त्यांना मागून ठकठक काकू म्हणू लागले. जळमटं मात्र कोपऱ्यात सुखाने वाढत होती. मला वाईट वाटायचं. ज्या कामासाठी आपण आलो ते बाजूला राहून भांडणात आयुष्य जावं, हे कोणाला आवडेल?

एके दिवशी सकाळी वरून घोषणा झाली आणि काकूंनी मला उचललं, पण ठोकलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या मला हातात घेऊनच जिना चढल्या. आजोबांच्या सूनबाईंनी दार उघडलं आणि मला बघून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"काकू, आवाज फार होतोय का?"

"होत नाहीये, म्हणूनच आले," काकू म्हणाल्या. "महिना झाला, तुमच्या सासऱ्यांचा आवाज घरघरतोय. शेवटचा शब्द उचलत नाही. डॉक्टरला दाखवा."

घरच्यांना वाटत होतं, साधा घसा बसला आहे. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की गळ्यात गाठ आहे, ती काढावी लागेल. गाठ निघेल, पण आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही. ऑपरेशनचा दिवस ठरला आणि तोपर्यंत आवाज जपून वापरायला सांगितलं. त्यानंतर वरचा मजला एकदम शांत झाला. काकूंना जन्मभर हवी होती ती शांतता मिळाली आणि त्यांना चहासुद्धा गोड लागेना.

आजोबांची एक नात आहे. एका जागी बसत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. ती सिनेमा करायला शिकत होती. तिने ठरवलं की ऑपरेशनच्या आधी आजोबांवर एक छोटा सिनेमा करायचा. गोष्ट साधी होती. एक निवृत्त निवेदक खिडकीत बसून गल्लीतल्या येण्याजाण्याच्या घोषणा करतो, आणि शेवटी एकदाच, नीट, आपल्या घराचा निरोप घेतो. आजोबांचा आवाज कुठेतरी राहावा, एवढंच तिला हवं होतं. शूटिंग ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी. त्याच्या आधी डॉक्टर जास्त बोलू द्यायला तयार नव्हते आणि नंतरचं कोणाच्याच हातात नव्हतं.

आता सिनेमा म्हटला की माणसं हवीत, आणि भिंगरीच्या पर्समध्ये खडखडाट. मग तिने जाहीर केलं, पैसे नाहीत, दोन वेळचं जेवण आणि पडद्यावर नाव. ती माणसं निवडायच्या मुलाखती वरच्या दिवाणखान्यात घ्यायची आणि मी व काकू त्या छताखालून ऐकायचो. न बघता माणूस कसा ओळखावा, हे मी त्या आठवड्यात शिकले.

पहिले आले नाक्यावरचे फोटोग्राफर. लग्नसमारंभांत हयात गेलेली. त्यांनी कॅमेरा सांभाळायचं कबूल केलं, पण अट घातली की एका तरी दृश्यात त्यांच्या दुकानाची पाटी दिसली पाहिजे. भिंगरी म्हणाली, "काका, सगळा सिनेमा घरात घडतो."

"मग कॅलेंडर लावू की भिंतीवर! दुकानाचंच आहे."

नंतर समोरच्या पार्लरवाल्या ताई आल्या. त्यांनी रंगभूषा पत्करली आणि लगेच आजोबांना वीस वर्षांनी तरुण करायचं आश्वासन दिलं. भिंगरी समजावत होती की म्हातारे आजोबाच हवे आहेत. "अगं, म्हातारेच ठेवते, पण जरा ताजे म्हातारे," ताई म्हणाल्या. दिव्यांसाठी बल्बच्या दुकानदाराचा मेहुणा तयार झाला, कारण त्याला घरी बसल्या बसल्या बायकोची बोलणी खावी लागत होती.

आवाजाचं काम मात्र कोणी घेईना. प्रत्येकाला कॅमेऱ्याच्या मागे उभं राहायचं होतं. टोकाला माइक लावलेली लांब दांडी दिवसभर डोक्यावर धरायची, कान देऊन ऐकायचं आणि पडद्यावर आपली सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, असं काम करायला कोण येणार? शेवटी एक जण आला. त्याची पावलं जिन्यात वाजली तेव्हाच काकूंनी नाक मुरडलं.

वरून आवाज आला, "अं हं! मी मोठमोठ्या सिनेमांचं काम केलंय."

काकूंनी मला उचलून छतावर एकच टोला दिला. "खोटं बोलतोय मेला," त्या मला म्हणाल्या. त्यांच्या घरात बोलायला मीच आहे. "खोटं बोलणारा आधी घसा साफ करतो. एक्स्चेंजमध्ये रोज ऐकायचे मी." पण वर भिंगरीला वाटलं की नेहमीची तक्रार आहे. तिने आवाज खाली आणला आणि त्याच माणसाला काम दिलं. माझी भाषा तिला तेव्हा कळत नव्हती.

शनिवारी दुपारी त्या माणसाचा फोन आला की त्याला दुसरीकडे पैशांचं काम मिळालं आहे. भिंगरी जिन्यातच खाली बसली आणि रडायला लागली, तीही नेमकी आमच्या दारासमोर. काकूंनी दार उघडलं.

"रडायचं असेल तर घरात ये. जिन्यात घुमतं."

भिंगरी आत आली. नाक पुसत तिने सगळं सांगितलं. माइक मैत्रिणीचा आणला आहे, आवाज टिपायचं यंत्र आहे, पण दांडी तो माणूस आणणार होता आणि आता दांडीही नाही, माणूसही नाही. आजोबा उद्या बोलतील आणि ते धरून ठेवायला कोणी नसेल.

"त्या माणसाला काय यावं लागतं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही हो काकू. हात वर धरायचे आणि नीट ऐकायचं."

"इतकंच?"

भिंगरीने काकूंकडे बघितलं, मग कोपऱ्यात माझ्याकडे बघितलं, मग छतावरच्या डागाकडे बघितलं. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला असता, पण काकांनी तो कधीच घासून काढला होता.

रविवारी सकाळी माझा कुंचा सोडवला आणि त्या जागी माइक बांधला. वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून त्यावर काकांची जुनी लोकरीची टोपी चढवली. माइकमधलं ऐकायचं यंत्र काकूंनी कानांना लावलं आणि इतक्या वर्षांनी त्यांचा चेहरा कामावर निघालेल्या माणसासारखा दिसला. मी वरच्या मजल्यावर पहिल्यांदाच आत आले होते. आमच्यासारखीच खोली, आमच्यासारखीच खिडकी. फक्त जळमटं कमी.

खिडकीत आजोबा बसले होते, ताज्या म्हाताऱ्यासारखे. मागे भिंतीवर कॅलेंडर होतं. फोटोग्राफर म्हणाले, "आजोबा, थोडं हसा!" भिंगरी म्हणाली की हसायचं नाहीये. त्यांनी बरं म्हटलं, पण सवय जाईना, दर वेळी त्यांच्या तोंडून 'हसा' निघायचंच. अखेर दिवे लागले, सगळे श्वास रोखून उभे राहिले आणि आजोबांनी छाती भरून सुरुवात केली. "लक्ष द्या!"

आणि काकूंनी मला छतावर ठोकलं. ठक ठक!

त्यांचा काय दोष? हाताला वर्षानुवर्षांची सवय. "लक्ष द्या" कानावर पडलं की हात वर जाणार. पण या वेळी माझ्या टोकाला माइक होता. काकू स्वतःच किंचाळून कानांवरचं यंत्र उपटून मोकळ्या झाल्या, दिवेवाला मेहुणा स्टुलावरून घसरला आणि तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी खिडकीतून डोकं काढून ओरडलं, "आम्ही काय केलं?"

आजोबा इतके हसले की त्यांना खोकला आला. काकू लाजून लालबुंद झाल्या आणि मग त्याही हसत सुटल्या. एवढ्या वर्षांत त्या दोघांनी एकमेकांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग मात्र काकूंनी पदर खोचला. खिडकीत उभं राहून त्यांनी अख्ख्या इमारतीला हुकूम सोडला. तिसऱ्या मजल्याचा नळ बंद झाला, तळमजल्याचं शिलाई मशीन थांबलं, फ्रिज बंद केला, ताईंना बांगड्या काढायला लावल्या. ठकठक काकूंपुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. त्यानंतर जी शांतता पडली, तशी मी आजवर ऐकली नव्हती.

आजोबा बोलले. एकेक घोषणा, एकेक आठवण. दुपारपर्यंत त्यांचा आवाज दमत गेला. शेवटची ओळ राहिली होती. "ही शेवटची गाडी आहे. प्रवाशांनी आपापलं सामान सांभाळून न्यावं. आमच्याकडून प्रवासाच्या शुभेच्छा." शुभेच्छा म्हणताना आवाज चिरला.

"आणखी एकदा घेऊ," फोटोग्राफर म्हणाले. "शेवट फाटला."

भिंगरीचीही चलबिचल झाली. तेव्हा काकू बोलल्या. सकाळपासून त्यांचे हात वर होते, पण मला त्यांनी खाली घेतलं नव्हतं. "नाही. आणखी ओढलं तर त्यांना दुखेल. कानाला यंत्र मी लावलंय, मला कळतंय. आणि फाटलेलं नाहीये ते. मनापासून बोलताना माणसाचा आवाज असाच होतो." भिंगरीने ते ऐकून बघितलं आणि होकाराची मान डोलावली.

सोमवारी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, आजोबा सुखरूप घरी आले. आवाज मात्र आला नाही.

काही महिन्यांनी वरच्या दिवाणखान्यात भिंतीवर चादर लावून सिनेमा दाखवला. सगळी इमारत दाटीवाटीने बसली होती. पडद्यावर आजोबा बोलत होते आणि खुर्चीवर बसलेले आजोबा ओठ हलवत होते. शेवटी नावं आली. कॅलेंडर दिसलं म्हणून फोटोग्राफर खूश होते. 'आवाज' या शब्दाखाली काकूंचं नाव होतं. माझं नाव कुठेच नव्हतं. मी मनाला लावून घेतलं नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आता माझा कुंचा परत बांधला आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी जुनी काठी दाराआड उभी असेल. तिला फेकू नका. आणि घरातल्या मोठ्यांच्या आवाजाला कंटाळू नका. तो रोज येतो म्हणून आपण त्याच्यावर वैतागतो. एक दिवस तो येत नाही, आणि मग आपण नुसतं छताकडे बघत बसतो.

काकू तशाच बसायच्या. आजोबा ऑपरेशनहून घरी आल्यावर पंधरा दिवस बसल्या. मग एका सकाळी, पाणी तापायच्या वेळेला, त्यांनी मला उचललं आणि त्या जुन्या डागावर अगदी हळू टेकवलं. ठक ठक.

वर काही हललं नाही. मग खुर्ची सरकली. आजोबांची चालायची काठी जमिनीवर आपटली. ठक ठक, ठक ठक, ठक ठक, चांगली लांबलचक.

काकू मला धरून छताकडे बघत राहिल्या. "ऐकलंस?" त्या मला म्हणाल्या. "म्हणे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत!"