साभार, आंतरजाल

दुसऱ्याचा फोटो लावून खाली 'साभार' लिहिलं की काम भागलं, असं अर्धं पुणं मानतं. शेजाऱ्याचा आंबा खाऊन कोय परत करायची आणि वर त्यानेच खूश व्हावं, अशी ही अपेक्षा. दीक्षाही त्यातलीच. नारायण पेठेतल्या ग्रंथालयात ती ग्रंथपाल होती आणि वेबसाइटही तीच सांभाळायची. 'आमचे वाचक' या पानावर तिने आईचा फोटो लावला आणि खाली 'साभार: आंतरजाल' लिहून मोकळी झाली.

आई म्हणजे सुंदराबाई. येरवड्याहून बसने येऊन वीस वर्षं तिने याच ग्रंथालयाची फरशी पुसली आणि पन्नाशीत इथेच अक्षरं जुळवायला शिकली. मागच्या वर्षी ती गेली. हातात पुस्तक असलेला तिचा एकच फोटो होता, तोही दीक्षाला परक्याच्या साइटवर सापडला.

तो परका, छायाचित्रकार रंगनाथ केतकर, सोमवारी सकाळी नोटीस घेऊन हजर झाला.

"आंतरजाल हे कोणाचं आडनाव?" त्याने विचारलं.

"चुकलं माझं. तुमचं नाव घालते," दीक्षा म्हणाली. "आम्ही काही विकत नाही हो, ग्रंथालय आहे."

"म्हणूनच कायदा माहीत असेल असं वाटलं. अभ्यासाला एखाद्याला प्रत देणं वेगळं, अख्ख्या जगाला दाखवणं वेगळं. नाव नकोय मला. फोटो साइटवरून काढून टाका."

पूर्ण पुस्तकाची झेरॉक्स मागणाऱ्या मुलांना दीक्षा स्वतः हेच ऐकवायची. माणूस बरोबर बोलत होता, त्यामुळे तिचं डोकं जास्तच फिरलं.

"ती माझी आई आहे. लेखी परवानगी मागते."

"आई तुमची, फोटो माझा. परवानगी नाही."

"फोटो काढताना तिला विचारलं होतं?"

केतकर हसला. "झाडूवालीला काय विचारायचं?"

त्याच्या साइटवर फोटोखाली तेवढंच लिहिलं होतं, 'झाडूवाली'.

दीक्षाने त्याच्यासमोरच पानावरून फोटो काढून टाकला. केतकर तोऱ्यात जिना उतरून गेला. मग रिकाम्या चौकटीत तिने टाइप केलं: 'सुंदराबाई. या ग्रंथालयात वाचायला शिकल्या. त्यांचा वाचतानाचा फोटो दाखवण्याची परवानगी छायाचित्रकार रंगनाथ केतकर यांनी दिलेली नाही. फोटो काढताना त्यांनी सुंदराबाईंना विचारलं नव्हतं.'

संध्याकाळपर्यंत ते सभासदांच्या सगळ्या ग्रुपवर फिरलं. दुसऱ्या दिवशी केतकरचा फोन आला.

"ते आधी काढा. बदनामी आहे ही."

"त्यात खोटं काय आहे, तेवढं सांगा."

त्याने सूर बदलला. "बरं, लावा तो फोटो. पण माझ्याबद्दलचं काढा."

दीक्षाचा जीव त्या फोटोत अडकला होता. हो म्हणावं असं तिला फार वाटलं.

"आधी तुमच्या फोटोखाली तिचं नाव लिहा," ती म्हणाली. "मग बोलू."

फोन कट झाला. तासाभराने तिने त्याची साइट उघडली. फोटो तिथूनही गेला होता. एका बाईचं नाव लिहिण्यापेक्षा त्याला तेच सोपं वाटलं.

आपल्याकडची प्रत दीक्षाने घरी नेली. कायद्याने ती जाहीरपणे दाखवता येत नव्हती. ग्रंथालयाच्या पानावरचा मजकूर मात्र तिने तसाच ठेवला.