कुलपांची ओळ

एवढा मोठा देश जगाच्या व्यापार करारात शिरला तेव्हा मंत्र्यांनी सही केली, फोटो निघाले, टाळ्या वाजल्या. निस्तरायला मागे उरले कायदे खात्याच्या तळमजल्यावरचे दोन मुद्रितशोधक. करारात बसवायला दोनशे बारा कायदे बदलायचे होते. आठ महिने तेच चाललं होतं. डोळ्यांची पार वाट लागली होती.

पद्धत जुनीच. बाई मूळ मसुदा मोठ्याने वाचायच्या. समोरचे गृहस्थ छापील पानावर बोट सरकवत जायचे आणि ओळ जुळली की "हं" म्हणायचे. त्यांचं "हं" झालं की पान राजपत्रात. एकतीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एक वेलांटी निसटली नव्हती, म्हणून अख्खं खातं त्यांना कानामात्रा म्हणे. पगार होता तिथेच राहिला, नाव तेवढं झालं.

आज शेवटची यादी होती. ज्या मालावरची आयात जकात उद्यापासून उठणार, त्या मालाची.

"कात्र्या," बाईंनी वाचलं.

"हं."

"कुलुपे, लोखंडी व पितळी."

बोट थांबलं. छापील पानावर कात्र्यांखाली थेट कंदील होते. कुलपांची ओळ छपाईत गळली होती.

कुलपं म्हणजे कानामात्रांच्या धाकट्या भावाचा कारखाना. वडिलांनी उभारलेला, चौदा माणसांचा. बाहेरचं स्वस्त कुलूप आलं की तो बसणार, हे घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं; बोलत कोणी नव्हतं. ओळ गळली तर जकात राहणार. चूक सुधारायला सरकारला दोन वर्षं तरी लागतील, आणि सरकारला त्यांच्याएवढं कोण ओळखून होतं! दोन वर्षांत भाऊ दुसरं काहीतरी उभं करील.

"डोळा लागला का हो?" बाईंनी विचारलं.

कानामात्रांना स्वतःची लाज वाटली. पण भाऊ पाठचा होता.

"हं," ते म्हणाले.

"कंदील."

"हं."

संध्याकाळी ते तडक कारखान्यावर गेले. यंत्रांच्या जागी फरशीवर तेलाचे चौकोनी डाग होते. भाऊ एकटाच झाडू मारत होता.

"यंत्रं कुठायत?"

"दुपारी भंगारवाला घेऊन गेला. माणसांना सकाळीच निरोप दिला."

"अरे, एक दिवस थांबायचं होतंस! छापील यादी तरी बघायचीस."

"त्यात काय बघायचं, दादा?" भाऊ थकून हसला. "मलाही वाटलं होतं, छपाईत एखादी ओळ राहून जाईल. सरकारी काम ते. पण ही म्हणाली, वाचायला दादा बसलेत, आशा सोडा. खरंच होतं तिचं."

दादांना पुष्कळ सांगायचं होतं. तोंडून सवयीचं तेवढंच बाहेर पडलं.

"हं."