बूट काढून दिलेला जबाब

शेषगिरी वकिलांनी आधी बूट काढायला लावले.

कचेरीच्या आवारातल्या चिंचेखाली नागोजीराव एका पायावर उभा राहिला आणि टाच धरून ओढू लागला. बूट निघेना. गुडघ्याला लागणारे, आजोबांच्या घोडदळातले बूट. तळवे तीनदा बदललेले, वरचं कातडं तेच. शेवटी त्याची बायको रुक्मिणी पुढे झाली, दोन्ही हातांनी बूट धरून मागे सरकली. दुसराही तसाच निघाला. मग तिने दोन्ही पदराखाली घेतले, जसं काही चोरीचा माल.

"आता फेटा," वकील म्हणाले. "मागं शेमला सोडलाय तो खोचा. लीद काढणाऱ्या मोतद्दाराला कसला शेमला?"

"मी मोतद्दार नाही."

"आज आहात."

नागोजीरावाने शेमला खोचला नाही. वकिलांनीच हात पुढे केला. तो हात त्याने मनगटात धरला. दाबला नाही, लगाम हिसकणाऱ्या नवख्याचा धरतात तसा नुसता धरला आणि सोडून दिला.

"अय्यो," वकील मनगट चोळत म्हणाले, "तुमचा वकील मी. शत्रू तिकडे व्हरांड्यात उभा आहे. पुन्हा सांगतो, नीट ऐका. हा तेरावा कायदा कुणाला लागतो? कारागिराला, कामकऱ्याला, मजुराला. उचल घेतली आणि काम अर्धं टाकलं, तर मालक म्हणू शकतो, मला पैसे नकोत, माणूस द्या. मग माणसानं परत जायचं. नाही गेला तर तीन महिने सक्तमजुरी. पण घरच्या चाकराला हा कायदा लागत नाही. चाकराला मालक हाकलू शकतो, ओढून आणू शकत नाही. तेव्हा तुम्ही चाकर. घोडे धुतो, चारा घालतो, लीद काढतो. आयतु, संपलं."

"आणि घोडे शिकवतो कोण?"

"कोणी नाही. आपसूक शिकतात."

रुक्मिणीला हसू आलं. "म्हणा की हो. चाकर म्हटल्यानं अंगाला भोकं पडतात काय?"

नागोजीराव चिंचेच्या मुळावर बसला. तळव्यांना खडे टोचत होते. चाळीस वर्षांचा झाला तरी त्याच्या तळव्यांना खड्यांची ओळख नव्हती.

*

फिर्यादीच्या अर्जात लिहिले होते:

आरोपी नागोजीराव याने बहिणीच्या लग्नाकरिता साठ रुपये उचल घेऊन फिर्यादी फत्तेसिंगराव यांचे चार घोडे दसऱ्यापूर्वी तयार करून देण्याचे कबूल केले. तीन तयार केले. चौथी घोडी अर्धवट टाकून सबब न सांगता निघून गेला.

अर्जात लिहिले नव्हते:

बन्नीमंटपाचं मैदान, सकाळची उन्हं. म्हैसुरात विजेचे दिवे येऊन चार वर्षं झाली होती आणि घोड्यांना अजून त्यांची सवय नव्हती. दसऱ्याच्या दिव्यांखालून न बिचकता गाडी नेणारा घोडा मिळाला तर बडे लोक भाड्याला मागेपुढे बघत नसत. म्हणून नागोजीराव घोड्यांना उजेड शिकवायचा. उन्हात पत्र्याचा तुकडा धरायचा, आधी लांब, मग जवळ, रोज चार पावलं. येलवालच्या रस्त्यावरच्या फत्तेसिंगरावांच्या तबेल्यात अकरा वर्षं तो घोडेच शिकवत आला होता. विजेआधी तोफेचा आवाज शिकवायचा.

त्या दिवशी फत्तेसिंगराव मंडी मोहल्ल्यातले चार व्यापारी घेऊन तांबडी घोडी दाखवायला आले. पत्रा चमकला, घोडी दोन पावलं मागे सरली. व्यापारी हसले.

"चाबूक दे तिला," फत्तेसिंगराव म्हणाले.

"आज मारलीत तर उद्या उजेडाला नाही भिणार, सरकार. तुम्हाला भिईल."

व्यापारी पुन्हा हसले. या खेपेला घोडीला नव्हे. फत्तेसिंगरावांनी स्वतःच चाबूक उचलला आणि तो घोडीच्या अंगावर न पडता नागोजीरावाच्या पाठीवर पडला. एकदाच. नागोजीरावाने लगाम जवळच्या व्यापाऱ्याच्या हातात दिला, पत्रा खाली ठेवला आणि चालत घरी आला.

फटक्याची फिर्याद करावी असं त्याला वाटलं होतं. "साक्षीदार किती?" वकिलांनी विचारलं होतं. "चार." "दसऱ्याला चौघांच्याही दारी गाडी कुणाची?" त्यावर नागोजीरावाने ती फिर्याद सोडून दिली होती.

*

आधी फिर्यादीचा जबाब.

मॅजिस्ट्रेट साहेब किडकिडीत, चष्म्यातून कागदाकडेच बघणारे. फत्तेसिंगरावांनी शपथ घेतली. अंगात दरबाराला घालायचा लांब कोट, मिशीला तूप. त्यांच्या वकिलांनी सोपा प्रश्न विचारला, उत्तर आधी घोकून घेतलेला.

"आरोपी आपल्याकडे कोणतं काम करत होता?"

नागोजीराव भिंतीशी उभा होता. उत्तर काय यायला हवं ते त्यालाही माहीत होतं. कायदा लागायचा तर फत्तेसिंगरावांना म्हणावं लागणार होतं: हा चाबुकस्वार आहे, घोडा तयार करण्यात याचा हात धरणारा नाही, म्हणून मला दुसरा कोणी नको, हाच हवा. अकरा वर्षांत त्यातला एक शब्द त्या तोंडून निघाला नव्हता. आज शपथेवर निघणार होता. तुरुंगात जायचं ते जायचं, पण तेवढं ऐकून जायचं, असं काहीसं नागोजीरावाच्या मनात रात्रीपासून घोळत होतं. रुक्मिणीला त्याने ते सांगितलं नव्हतं.

फत्तेसिंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं. नजर फेट्यापासून खाली आली आणि अनवाणी पावलांवर थांबली.

"काम? लीद काढायचा."

त्यांचे वकील खाकरले. "म्हणजे, घोडे तयार करण्याचं जे कसबाचं काम—"

"घोडे मी तयार करतो. तबेला माझा, घोडे माझे. हा मागून पाट्या उचलायचा. माझ्या घरचं खाऊन माजलेला चाकर आहे. दुसरं काय?"

"अर्जात तर चार घोडे तयार करून देण्याचं—"

"अर्ज तुम्ही लिहिलात."

शेषगिरी वकील इतके स्थिर झाले की त्यांच्या उपरण्याचं टोकही हललं नाही.

कारकुनाने लिहिले: फिर्यादी म्हणतो, आरोपी घरचा चाकर.

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "काय रे, हे खरं?"

नागोजीरावाने तोंड उघडलं. वकिलांचं कोपर त्याच्या बरगडीत रुतलं. एकच शब्द हवा होता, ‘हो’. त्याने आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं, मग फत्तेसिंगरावांच्या मिशीकडे, आणि तोंड मिटलं.

"हौदा?" साहेबांनी कानडीत पुन्हा विचारलं. "बहिरा आहे काय हा?"

"आरोपीला नाकारायचं नाही, स्वामी," शेषगिरी वकील म्हणाले.

कारकुनाने लिहिले: आरोपीने नाकारले नाही.

हुकूम जेवणानंतर, तीन वाजता.

*

"देवानं बुद्धी दिली त्याला," चिंचेखाली येऊन वकील म्हणाले. "म्हणजे काढून घेतली. आता तीनपर्यंत इथेच बसायचं. कुणाशी बोलायचं नाही. घोड्याकडे तर बघायचंसुद्धा नाही. सही अजून झालेली नाही, आणि ती बघा, साहेबांची खिडकी. जेवायला तिथेच बसतात."

खिडकी खरंच उघडी होती. आतून ताटलीचा आवाज येत होता.

रुक्मिणीने भाकरी सोडली. नागोजीरावाने घेतली नाही.

"सुटलात की. तोंड कशाला पाडता?"

"लीद म्हणाला."

"काढत नव्हता काय?"

"काढत होतो."

"मग?"

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, हातातच ठेवला. "उद्या कोणी विचारील, आधी काय काम केलंस. सरकारी कागदावर काय आहे? चाकर. घोडा कोण देईल मग हातात?"

"तीन महिने खडी फोडून आलेल्याच्या हातात देतात वाटतं," रुक्मिणी म्हणाली आणि चटणी त्याच्याकडे सरकवली.

फत्तेसिंगरावांची गाडी पायऱ्यांपाशी लागली. तांबडी घोडीच जुंपली होती. नागोजीरावाने बघायचं नाही म्हणून भाकरीकडे बघितलं. पण कान काही त्याचे वकिलांनी बांधले नव्हते. पट्टा फार आवळलाय, ते नुसत्या श्वासावरून कळत होतं.

शिपायाने वरच्या मजल्यावरची काचेची झडप उघडली. उन्हाचा एक लखलखता तुकडा भिंतीवरून घसरत आवारात उतरला आणि घोडीच्या डोळ्यांवर आला.

ती उभीच राहिली, मागच्या पायांवर. फत्तेसिंगरावांचा एक पाय गाडीच्या पायरीवर, एक अधांतरी. गाडीवानाने चाबूक ओढला. घोडी मागे रेटली, चाक भिंतीला घासलं, दांडी कडकडली. कोणीतरी ओरडलं. गाडीवानाने पुन्हा चाबूक उचलला.

रुक्मिणीने नागोजीरावाचं धोतर घट्ट धरलं.

"बेडा," वकील कुजबुजले. "बेडा, नको, खिडकी—"

साहेब हातात पाण्याचा पेला घेऊन खिडकीत आले होते.

नागोजीराव उठला नाही. त्याने मान खाली घातली, भाकरी तोंडाशी नेली आणि भाकरीआडून जीभ टाळूला दोनदा लावली. मग एक लांब, ओला आवाज काढला, पहाटे तबेल्याचं दार उघडताना काढायचा तो.

घोडीचे कान फिरले. पुढचे पाय खाली आले. अंग थरथरत होतं, पण ती चारी पायांवर जागच्या जागी उभी राहिली.

आवारात बाकी कोणाला कळलं नाही. गाडीवानाला वाटलं, चाबूक लागू पडला.

पण तबेल्यातला तो आवाज फत्तेसिंगरावांच्या कानाने ओळखला; ते पायरीवरून उतरले, कोट झटकला आणि सरळ चिंचेपाशी आले.

"हे तू केलंस."

नागोजीराव भाकरी चावत राहिला.

"बोल. तू केलंस की नाही?"

फत्तेसिंगरावांनी वर खिडकीकडे नजर टाकली. साहेब तिथेच होते. व्हरांड्यातून त्यांचे वकील धोतर सावरत धावत निघाले होते. साहेबांना ऐकू जाईल एवढा आवाज चढवायचा, एवढंच बाकी होतं.

नागोजीराव सावकाश उठला. घास गिळला. मग हात जोडून कमरेत वाकला. अकरा वर्षांत एवढा कधी वाकला नव्हता.

"मी चाकर माणूस, सरकार," तो म्हणाला. "लीद काढणारा. घोड्यातलं मला काय कळतं?"

शेषगिरी वकिलांनी डोळे मिटले.

फत्तेसिंगरावांच्या जबड्याखाली काहीतरी हललं. "सरकार," त्यांचे वकील धापा टाकत म्हणाले, "आत्ता सांगा, हीच वेळ आहे, साहेबांनी डोळ्यांनी बघितलंय, हा माणूस कसबी आहे एवढंच—"

"गप्प बसा," फत्तेसिंगराव म्हणाले.

ते परत गेले, गाडीत चढले. "चल."

गाडीवानाने लगाम हलवला. घोडी हलली नाही. त्याने टाळूला जीभ लावून बघितली. नुसताच चुकचुकल्यासारखा आवाज आला. घोडीचे दोन्ही कान चिंचेकडे होते. गाडीवानाने चाबकाला हात घातला.

"नको," आतून आवाज आला.

तीनचे टोले पडले. शिपायाने दारात येऊन हाक मारली, "नागोजी, चाकर, हाजर!" आवारातल्या सगळ्यांना ऐकू गेली.

नागोजीरावाने फेट्याचा शेमला पाठीवर नीट केला आणि अनवाणीच पायऱ्यांकडे निघाला. तो गाडीजवळून गेला तेव्हा घोडीने मान वळवली, तो दारात दिसेनासा होईपर्यंत तशीच धरली.

रुक्मिणी बूट मांडीवर घेऊन बघत होती. गाडी अजून जागची हलली नव्हती, आणि आत बसलेल्या माणसाने दुसऱ्यांदा ‘चल’ म्हटलं नव्हतं.