लाल अक्षरातली अंतिम सूचना

बँकेचा माणूस दारावर नोटीस चिकटवत होता, तेव्हा दाजी आतून आले आणि त्यांनी सरळ त्याचा गळा धरला. काय आहे, कशाची आहे, काही विचारलं नाही. गोंदाची बाटली पायरीवर फुटली. त्या माणसाचं डोकं चौकटीवर दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटायच्या आत ताईने मधे हात घातला, तर तिचीच दोन बोटं डोकं आणि चौकट यांच्यात चेचली. ती ओरडली नाही. "सोडा त्याला, नोकरी आहे त्याची," एवढंच म्हणाली.

तो माणूस शर्टाची तीन बटणं तिथेच टाकून पळाला. नोटीस अर्धी चिकटलेली, अर्धी लोंबत होती. घराच्या कर्जाचे पाच हप्ते थकले आहेत, तीस दिवसांत भरले नाहीत तर घराचा ताबा घेतला जाईल, असं तिच्यावर लिहिलं होतं. दाजींनी ती वाचली, पुन्हा वाचली. मग आत जाऊन ते घरातल्या वस्तू फोडायला लागले.

ताईने भावाला फोन लावला. हा भाऊ चव्वेचाळीस वर्षांचा, केस पिकलेला, पण घरात सगळे त्याला धाकटाच म्हणायचे. तो छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होता. कागदाचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा आणि दोन बाजूंची दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबायची. हात बटणांवर असले म्हणजे पात्याखाली जात नाहीत. एकोणीस वर्षांत त्याचं एक नखही गेलं नव्हतं. फोन ठेवला तो तसाच कामाच्या कपड्यांत निघाला.

पोचला तेव्हा आवाज थांबले होते. कपाटाचं दार बिजागरीतून निखळून पलंगावर पडलं होतं. आरशाच्या काचा खोलीभर. दाजी जमिनीवर बसले होते, बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलवटलेली. बावीस वर्षं ते कोल्ड स्टोरेजमध्ये कापलेल्या जनावरांची धडं खांद्यावरून वाहत होते. त्यांचा खांदा जेवढा रुंद तेवढाच राग मोठा, आणि रागावले की आधी हात बोलायचा, मग तोंड. ताईवर मात्र त्यांनी कधी हात उगारला नव्हता. त्यांच्यामुळे चेचलेली तिची बोटं त्यांना आताच दिसली होती, आणि त्यांना तिकडे बघवत नव्हतं.

"हप्ते भरले नाहीत?" धाकट्याने विचारलं.

"भरले," ताई म्हणाली. "दर महिन्याला भरले. बँकेत नाही, या पत्रवाल्यांकडे भरले." तिने एका हाताने खणातून पत्र काढून त्याच्यापुढे धरलं.

लांबट पाकीट, त्याला पारदर्शक खिडकी, खिडकीतून दिसणारं बँकेचं नाव. आतल्या कागदावर सगळ्यात वर लाल अक्षरात 'अंतिम सूचना'. खाली दाजींचं नाव, घराचा पत्ता, कर्जाचा आकडा, कर्ज घेतल्याचं साल. आपण गृहकर्ज बचत योजनेस पात्र आहात, हप्त्यात चाळीस टक्के कपात, सात दिवसांत फोन न केल्यास लाभ रद्द.

"मी लगेच फोन केला," दाजी खालूनच म्हणाले. "पोरगा गोड बोलला. काका काका करत होता. म्हणाला, आधी फी भरा, मग आम्ही बँकेशी बोलून हप्ता कमी करून देतो. तोपर्यंत कमी झालेला हप्ता आमच्याकडे द्या. बँकेचा फोन आला तर उचलू नका, पत्र आलं तर उघडू नका, त्यांना गिऱ्हाईक सोडायचं नसतं म्हणून ते घाबरवतात. मी तसंच केलं. बँकेची चार पत्रं न उघडता चुलीत घातली."

धाकटा कागद उलटसुलट करत होता. डावीकडचा काठ त्याने अंगठ्याने चाचपला. खालच्या कोपऱ्यापासून दोन बोटं वर काठाला एक बारीक ओरखडा होता, केसाएवढा. त्याच्या मशीनच्या पात्याला गेल्या वर्षी एक टवका गेला होता. मालकाने पातं बदललं नव्हतं. त्या पात्याखालून गेलेल्या प्रत्येक कागदाला तिथेच ओरखडा पडायचा.

त्याने तळाची करडी अक्षरं डोळ्यांजवळ धरून वाचली. मुंगीएवढी होती. "यात लिहिलंय की आमचा कुठल्याही बँकेशी संबंध नाही," तो हळू म्हणाला. "आणि अंतिम सूचना म्हणतात, पण पहिली कुठे आली होती? हप्ता कमी होईल म्हणतात, पण किती वर्षं भरायचा ते कुठेच नाही. खाली सहीसुद्धा छापील आहे, दाजी."

"पण माझ्या कर्जाचा आकडा आहे त्यात. बँकेशिवाय तो कुणाला ठाऊक असणार?"

"घर गहाण टाकलं की त्याची नोंद सरकारी दप्तरात होते. ती कुणालाही बघता येते. ते तिथूनच नावं उतरवतात आणि यादी घेऊन येतात."

"कुठे घेऊन येतात?" ताईने विचारलं.

धाकट्याचा अंगठा काठावरच्या ओरखड्यावर थांबला.

"कुठे घेऊन येतात रे?"

"छापखान्यात," तो म्हणाला. "आमच्या. हे मी कापलंय, ताई. तीस हजार होती. मी वाचत नाही गं, काठ बघतो. अक्षरं बघायला वेळ कुठे असतो."

ताईने चांगल्या हाताने त्याच्या कानशिलात लगावली. मग त्याच हाताने दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मारताना तिला रडू फुटलं आणि मार अर्ध्यावरच राहिला. तेवढ्यात दाजी उठले. त्यांनी धाकट्याला कॉलरला धरून भिंतीशी असा उचलला, की त्याच्या चपला पायातून गळून पडल्या.

"कागदावरच्या पत्त्यावर मी मागे एकदा चौकशीला गेलो होतो," ते म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पोस्टाची पेटी आहे नुसती, भिंतीत. माणूस नाही. गठ्ठे कुठे पोचवता?"

इथे धाकट्याला गप्प राहता आलं असतं. माहीत नाही म्हणाला असता तर दाजींनी फार तर त्याचे दोन दात पाडले असते. नंतर कित्येकदा त्याने हा हिशेब केला. पण त्या क्षणी गालावर बहिणीची बोटं उठलेली होती, आणि जे दाजींना हवं होतं तेच त्यालाही हवं होतं. टायरच्या दुकानावरचा मजला, मागचा लोखंडी जिना, त्याने सगळं सांगितलं. वर म्हणाला, "मीही येतो."

"जाऊ नका," ताई दारात आडवी उभी राहिली. "अहो, पोलिसात जाऊ. कागद आहे आपल्याकडे." दाजींनी तिला उचलून, काचेचं भांडं ठेवावं तसं बाजूला ठेवलं आणि ते बाहेर पडले.

दुपारचे तीन वाजले असतील. जिना चढून गेल्यावर एक लांबट खोली होती, ओळीने सहा टेबलं, प्रत्येकावर फोन आणि एक छापील कागद. जेवणाची सुट्टी लांबली होती बहुतेक, कारण दोघेच कामाला होते. एक बाई खिडकीपाशी, आणि अलीकडे विशी-बाविशीचा एक जण, दाराकडे पाठ करून फोनवर कागद वाचत होता. "नाही नाही काका, बँकेला मुळीच कळवायचं नाही. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

दाजी दारातच थांबले. तो आवाज त्यांनी पाच महिने ऐकला होता.

त्यांनी खुर्चीसकट त्याला मागे ओढलं. तो पडला, त्याच्या कानाला अजून फोन होता. पहिली लाथ बरगडीत बसली, तेव्हा लाकूड मोडल्यासारखा आवाज आला. बाई किंचाळत जिन्याकडे पळाली. पोरगा टेबलाखाली शिरायला बघत होता. दाजींनी त्याला पायाला धरून बाहेर खेचलं, छातीवर गुडघा टेकवला आणि मारायला सुरुवात केली. घाई नव्हती. धडं वाहताना चालायचे तसे एका लयीत मारत होते. प्रत्येक ठोशाबरोबर म्हणत होते, "काका म्हण. म्हण काका."

"दाजी, बस झालं," धाकटा म्हणाला. मग ओरडला. मग पाठीमागून त्यांच्या गळ्याला मिठी मारून लोंबकळला. दाजींनी मागे न बघता कोपर हाणलं. धाकट्याचं नाक फुटलं, तोंडात रक्ताची चव आली आणि तो टेबलावर कोसळला. तिथून त्याने पाहिलं, की दाजींच्या हाताशी कागदाला पिना मारायचं जाड यंत्र लागलं आहे, लोखंडी, दोन किलोचं तरी असेल. ते वर गेलं. त्याने "नको" म्हटलं, की नुसतं म्हणायचं मनात आणलं, हे त्याला पुढे कोर्टातही सांगता आलं नाही.

यंत्र एकदाच खाली आलं.

नंतर खोलीत फक्त एक आवाज होता. लटकलेल्या फोनमधून कुणीतरी म्हातारा विचारत होता, "हॅलो? मग बँकेला सांगू नको ना? हॅलो?"

धाकट्याने तो फोन उचलला. नाकातून रक्त गळत होतं, त्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. "पैसे देऊ नका," तो म्हणाला. "ही माणसं बँकेची नाहीत. उद्या स्वतः बँकेत जा आणि विचारा."

"तुम्ही कोण बोलताय?" म्हाताऱ्याने विचारलं. धाकट्याने फोन ठेवला, स्वतःचा शर्ट काढून पोराच्या तोंडावर दाबून धरला आणि पोलीस येईपर्यंत तसाच बसून राहिला. दाजी भिंतीला टेकून स्वतःच्या हातांकडे बघत होते. त्यांनी पळायचा प्रयत्न केला नाही.

पोरगा वाचला. उजवा डोळा गेला. दाजींना चार वर्षांची शिक्षा झाली. धाकट्याला सोडलं, कारण त्याचं फुटलेलं नाक त्याच्या बाजूने बोललं. पत्रं पाठवणाऱ्या कंपनीचा मालक त्या दिवशी तिथे नव्हताच. तो कुणालाच कधी दिसला नाही. आठवड्याभरात टेबलं आणि फोन गेले, आणि टायरच्या दुकानावरच्या मजल्याला 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागली.

घर मात्र राहिलं. ताई बँकेत गेली, बोटांना प्लास्टर, हातात ते पत्र आणि त्या कंपनीला भरलेल्या हप्त्यांच्या पाच पावत्या. ज्याचं डोकं चौकटीवर आपटलं होतं तोच माणूस समोर बसला होता. त्याने सगळं वाचलं आणि म्हणाला, "या लोकांचं पत्र आलं तेव्हाच आम्हाला फोन केला असता, तर हप्ता आम्हीच कमी करून दिला असता. मुदत वाढवून. फी न घेता." ताई म्हणाली, "आता द्या." त्याने थोडा विचार करून अर्ज पुढे सरकवला. ती आता वरची खोली भाड्याने देते आणि शिवणकाम करते.

धाकटा दोनदा इस्पितळात गेला. दुसऱ्यांदा पोरगा बोलला. "दिवसाला ऐंशी फोन करायचो," तो म्हणाला. "ते लिहून देतात तेच वाचायचं असतं. तुमच्या माणसाचा आवाज मला आठवतही नाही." त्याच्या आईने धाकट्याने नेलेली फळांची पिशवी दाराबाहेर भिरकावली. तो ती गोळा करायला थांबला नाही.

मग एका सकाळी मशीनपाशी नवे गठ्ठे आले. कंपनीचं नाव वेगळं, वर लाल अक्षरात तेच. धाकट्याने या वेळी वाचलं. सगळं वाचलं, करडी अक्षरंसुद्धा. मग एकेक गठ्ठा उचलून पात्याखाली आडवा लावला, ओळींच्या बरोबर मधोमध, आणि दोन्ही बटणं दाबली. तीस हजार कागद कापायला त्याला सव्वा तास लागला. छापखान्याचा मालक आला तेव्हा शेवटचा गठ्ठा चालला होता. मालकाने आधी मशीन बंद केलं, आणि मग गठ्ठा ठोकायचा लाकडी ठोकळा उचलून धाकट्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडलं. धाकट्याने हात उचलला नाही. "पातं बदला," तो म्हणाला. "टवका गेलाय." आणि निघून आला. कापायच्या आधीच त्याने एक अख्खा कागद खिशात घातला होता. तो त्याने पोलीस चौकीत दिला. त्यांनी ठेवून घेतला. पुढे काय झालं ते कुणी कळवलं नाही.

त्या महिन्याच्या भेटीला तो ताईबरोबर तुरुंगात गेला, हात गळ्यात बांधलेला. दाजी वाळले होते. खांदे तेवढेच होते, पण मधला माणूस कमी झाला होता. त्यांनी घराचं विचारलं, ताईची बोटं वाकतात का ते विचारलं. मग जाळीजवळ सरकले.

"तो पोरगा काय करतो आता?"

"कोर्टाबाहेर अर्ज लिहून देतो," धाकटा म्हणाला. "एका डोळ्याने."

"त्याच्याकडे जात जा," दाजी म्हणाले.

"त्याची आई आत घेत नाही."

"तरी जात जा."

ताईने वाकडं झालेलं बोट जाळीतून आत घातलं. दाजींनी ते धरलं नाही. आपले दोन्ही हात त्यांनी टेबलाखाली घेतले आणि वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत तिथेच ठेवले.