बैल माणसावर पाय देत नाही

जेवताना घाटाची गोष्ट सांगितल्याशिवाय चिमाजीला घास उतरत नसे. कुरुळीच्या एका कंपनीत दिवसभर फोर्कलिफ्ट चालवून कंबर धरलेला माणूस, पण ताटावर बसला की एकदम विशीतला व्हायचा. बाकी गप्पा कुठल्याही असोत, गाडी बैलगाडा शर्यतीवर, घाट म्हणतात त्या चढाच्या धावपट्टीवर येऊन थांबायचीच.

"चढाचा घाट. मागं गाड्याला चार बैल, हाकायला माणूस न्हाई. आन् बैलांना वाट दावायला म्होरं घोडीवर मी. मधीच घोडीचा पाय मुडपला. असा तोंडावर आपटलो, की दातात माती. मागून बैल तोंडाला फेस आणून सुटल्यालं. तवा मी काय केलं?"

"हलला न्हाई," निरंजन आणि करिष्मा एका सुरात म्हणत. पोरगा वर्कशॉपला लागला, पोरगी कॉलेजात गेली, तरी हे उत्तर द्यायची सवय गेली नव्हती.

"न्हाई हाललो. बैल माणसावर पाय देत न्हाई. चारी बैल वरनं उडी टाकून गेले. मग उठलो, आन् ज्यानं घोडीला काठी घातली हुती त्याचं नाकाड फोडलं. रक्ताची चिळकांडी उडाली राव, सदरा लाल झाला."

यातलं घोडीचं पडणं तेवढं खरं होतं. तिच्यावर बसला होता चिमाजीचा चुलतभाऊ जयदीप, आणि चिमाजी कडेला उभा राहून शिट्ट्या मारत होता. बैलांनी उडीबिडी मारली नाही. पहिला खूर जयदीपच्या पाठीत बसला, दुसरा मानेवर, आणि उरलेल्यावरून गाड्याचं चाक गेलं. टेम्पोत घालायला चिमाजीनं त्याला उचललं, तेव्हा बरगड्यांच्या जागी हात आत गेला. चाकणच्या अलीकडेच जयदीप संपला.

पोरं लहान असताना घाटाचं विचारायची. चिमुरड्यांना हे काय सांगणार? म्हणून जयदीपकाका तापानं गेला असं सांगितलं आणि बैलांना उडी मारायला लावली. पुढं शर्यतींवर बंदी आली. घाटात गवत वाढलं, आणि गोष्ट पडताळून बघायला पोरांना घाटच उरला नाही. चिमाजी तिखटमीठ लावत गेला. फसवायचा हेतू नव्हता हो, पोरांचे मोठे झालेले डोळे बघायला आवडायचं त्याला. त्या बंदीच्या काळात गावातली सगळीच पोरं बापांच्या तोंडून घाट शिकली, आणि कुठला बाप काय शिकवतोय हे कोण बघणार होतं?

बंदी उठली. एका शनिवारी निरंजन भाकरी मोडता मोडता म्हणाला, "आबा, उद्या मामांच्या गाड्याम्होरं घोडीवर मी बसणार हाय."

चिमाजीनं हातातला घास ताटात ठेवला. "बसायचं न्हाई."

"का? तुम्ही बसत हुता की."

"आबा घाबरले," करिष्मा हसली.

"अहो, जयदीपभावजींचं काय झालं ते सांगा त्याला," दुर्गाबाई चुलीपासून म्हणाली.

"काय झालं?" निरंजननं विचारलं.

चिमाजीनं बायकोवर डोळे वटारले. दोन्ही पोरं त्याच्याकडे बघत होती, लहानपणी बघायची तशीच. "काय न्हाई," तो म्हणाला. "घोडी नवी हाय. जपून बस."

दुसरं काही नाही, लाज वाटली त्याला. इतकी वर्षं घाटाचा राजा म्हणून मिरवला होता, आता शिट्ट्या मारणारा होऊन कसा बसणार? त्या लाजेपायी त्यानं पोटचा पोर घाटात धाडला.

रविवारी घाट माणसांनी फुलला होता. लाउडस्पीकरवर निवेदक 'भिर्रर्र' करून ओरडला आणि गाडा सुटला. निरंजन झकास बसला होता. निम्मा चढ झाला आणि गर्दीतून कुणीतरी भंडाऱ्याची मूठ उधळली. घोडी बुजली, उभी राहिली, आणि निरंजन पाठीवर आपटला.

"कडेला लोळ! लोळ कडेला!" सगळा घाट ओरडत होता.

वेळ होता. दोन गिरक्या घेतल्या असत्या तर कठड्याला लागला असता. पण निरंजन पालथा झाला, डोक्यावर हात घेतले, डोळे मिटले आणि शांत पडून राहिला. घाबरलासुद्धा नाही.

चिमाजीनं कठड्यावरून उडी टाकली. बैल अंगावर आले होते. पुढच्या बैलाची वेसण त्यानं दोन्ही हातांनी धरली आणि सगळा भार टाकून आडवी ओढली. बैलानं मान उडवली. शिंग हनुवटीखालून आत शिरलं, जबडा कडकन मोडला, गाल कानापर्यंत फाटला. चिमाजीनं वेसण सोडली नाही. त्याला फरफटत घेऊन बैल कडेला वळले आणि कठड्यावर आदळले. चाक निरंजनच्या डोक्याला चाटून गेलं.

चिंचवडच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी जबडा तारांनी बांधून टाकला. शुद्धीवर आल्यावर चिमाजीला पहिल्यांदा ऐकू आला तो निरंजनचा आवाज. भेटायला आलेल्या मित्रांना तो रंगात येऊन सांगत होता.

"डोळे मिटून पडलो भावा. हललो न्हाई. अंगाला खूर लागला न्हाई. आबा उगाच मधी आले, बैल गेलेच असते वरनं. पुढच्या रविवारी निघोज्याच्या घाटात परत बसतोय."

"आरं, उगाच काय?" दुर्गाबाईला रडू आवरेना. "तुझा बाप मधी पडला म्हणून वाचलास. बैल तुडवतात रं. जयदीपकाकाला तुडवलं."

"आई, तू भ्यालीस म्हणून काहीही सांगतीस. काका तर तापानं गेला."

चिमाजीनं बोलायचा प्रयत्न केला. तारांतून नुसता घरघर आवाज आला आणि लाळेबरोबर रक्त. निरंजन धावत जवळ आला. "बोलू नका आबा. बरे व्हा, मग तुम्हीच सांगा आईला, बैल पाय देत न्हाई म्हणून."

चिमाजीनं त्याचं मनगट पकडलं. हात ओढून स्वतःच्या गालावर नेला, पट्टीच्या आत, थेट टाक्यांवर, आणि दाबला. टाके उसवले. निरंजनची बोटं ओली झाली, एक बोट गालातून आत जाऊन तारेला लागलं. तो ओरडला, हात सोडवायला लागला. चिमाजीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण पकड ढिली झाली नाही.

"आबा, सोडा," निरंजन म्हणाला. "सोडा आबा. न्हाई बसत मी."

तरीही चिमाजीनं सोडला नाही.