सफाईचा तास

मावशींनी दारावरच्या पाटीचा शेवटचा स्क्रू काढला आणि मागे न बघताच हात लांब केला. सर्व्हेवाल्या बाईंनी तो तळहातावर घेतला. आधीचे तीन त्यांच्याकडेच होते. पाटी पत्र्याची, कोपऱ्यात गंजलेली: ‘सफाईसाठी हॉल बंद. दुपारी ४.३० ते ५.३०.’

“नीट ठेवा हं,” मावशी म्हणाल्या. “नव्या पाटीला हेच लावायचेत. साहेबांनी पाटी पाठवली, स्क्रू पाठवले नाहीत.”

नवी पाटी भिंतीला टेकून उभी होती. निळी, चकचकीत. तिच्यावर उडी मारणारी एक मुलगी आणि मजकूर: ‘मुलींचा तास. दुपारी ४.३० ते ५.३०. प्रवेश फक्त ओळखपत्रावर.’ चित्रातल्या मुलीच्या हातात बॉल होता की फुगा, हे काढणाऱ्यालाच ठाऊक.

“छान आहे,” बाई म्हणाल्या.

मावशींनी जुनी पाटी काढून काखेत धरली आणि स्टूलवरून उतरल्या.

मावशी त्या क्रीडा-हॉलच्या सफाई कामगार होत्या, गेली अकरा वर्षे. बाई विद्यापीठातल्या. मुली वयात आल्या की खेळणे का सोडतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. दीड वर्षापूर्वी त्या पहिल्यांदा इथे आल्या, तेव्हा हॉलच्या रजिस्टरमध्ये सकाळी पुरुषांचे बॅडमिंटन होते, संध्याकाळी मुलांचे व्हॉलीबॉल होते आणि मुलींच्या रकान्यात पानेच्या पाने आडव्या रेघा होत्या. मुली येत नाहीत का, असे त्यांनी विचारले. नाही येत, असे मावशी म्हणाल्या. तीन दिवस असेच चालले. बाई रजिस्टर उतरवून घेत होत्या आणि मावशी बाईंना जोखत होत्या. चौथ्या दिवशी मावशी फडका पिळता पिळता म्हणाल्या, “साडेचारला मागच्या दारानं या. वही आणलीत तरी चालेल. नावं मात्र लिहायची नाहीत.”

मागच्या दाराशी चपलांची रांग होती. आत चौदा-पंधरा मुली हातात मॉप घेऊन एका ओळीत उभ्या होत्या. मावशींनी टाळी वाजवली आणि अख्खी ओळ मॉप ढकलत हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला गेली. एकट्या मावशींना ज्या कामाला पुरा तास लागायचा, ते पाव तासात उरकले. उरलेल्या पाऊण तासात जाळी बांधून व्हॉलीबॉल.

त्या खेळात आवाज नव्हता. ओरडणारी बाद, हा मावशींचा नियम. कारण आवाज बाहेर गेला असता तर तासच गेला असता. पॉइंट मिळाला की मुली दोन्ही हात वर करून बोटे नाचवायच्या आणि हसू आले की तोंडावर पंजा दाबायच्या. बाईंनी आयुष्यात पुष्कळ सामने पाहिले होते, पण असा आनंद पाहिला नव्हता. मधेच त्यांनी वहीत डोके घातले.

त्यातल्या एकीला सगळ्या तोफ म्हणायच्या. अंगाने काडी, पण तिची सर्व्हिस अशी की पलीकडच्या मुली आधीच बाजूला सरकायच्या. तिने दोन वर्षांपूर्वी घरी रीतसर विचारले होते, नाही म्हणून उत्तर मिळाले होते, आणि तेव्हापासून ती रोज ‘वाचनालयात’ जात होती. इतर मुलींचेही असेच काही ना काही होते. कुणाचा क्लास, कुणाची मैत्रीण, कुणाची आजारी मावशी. ती आजारी मावशी बहुधा हीच, सहा फुटी मॉप घेऊन फिरणारी.

बाई नियमाच्या पक्क्या. मुली अठराच्या आतल्या, म्हणजे त्यांच्याशी बोलायचे तर पालकांची लेखी संमती हवी, आणि संमती मागायची म्हणजे घरी सांगायचे. म्हणून त्यांनी एकाही मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. त्या नुसत्या बसून बघत राहिल्या. अहवालात शहराला ‘मध्यम आकाराचे शहर’ म्हटले, हॉलला ‘एक सुविधा’ आणि मावशींना ‘स्थानिक कर्मचारी’. विद्यापीठाच्या नीतिसमितीने सगळे दोनदा तपासले आणि काळजीपूर्वक काम केल्याबद्दल त्यांचे कौतुकही केले. एका वाक्यावर मात्र बाई दोन दिवस अडल्या होत्या: ‘सुविधा सफाईसाठी बंद असलेल्या तासात मुली सर्वाधिक नियमितपणे खेळतात.’ हे वाक्य काढावे तर अभ्यासात सांगण्यासारखे उरत काय होते? सगळा शोध त्या एका तासात होता. त्यांनी ते ठेवले.

दुपारी सफाईसाठी बंद राहणारा हॉल शहरात एकच होता.

अहवाल वाचून क्रीडा खात्याचे साहेब चिडले असते, तर बाईंना भांडता तरी आले असते. साहेब खूश झाले. त्यांनी बाईंना बोलावून चहा पाजला, अहवालातले ते पान उघडून त्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, “मॅडम, हा तर आपलाच हॉल! मुलींना चोरून खेळावं लागतं म्हणजे काय? आपण हा तास अधिकृत करू. प्रशिक्षक देऊ, कॅमेरे बसवू, ओळखपत्रं देऊ. सगळं सुरक्षित.”

“सर, पण ओळखपत्राला पालकांची सही...”

“लागणारच ना. लहान मुली आहेत. उद्या कुणाचा पाय मुरगळला तर?”

हाच प्रश्न बाईंनी स्वतःच्या नीतिसमितीपुढे मांडला होता, जवळजवळ याच शब्दांत.

“त्या मुलींना घरून परवानगी नाहीये,” शेवटी त्या म्हणाल्या.

“मग आपण पालकांना भेटू. नावं द्या.”

“नावं मी घेतली नाहीत.”

साहेबांनी हात पसरले. त्यांचेही बरोबरच होते.

नवी पाटी लागली त्या दुपारी उद्घाटन झाले. स्पीकर लावला होता. अकरा मुली आल्या, नव्या कोऱ्या बुटांत, बहुतेकींना आया गाडीवरून सोडून गेल्या. चांगल्या मुली होत्या, उत्साहाने खेळल्या, मनसोक्त ओरडल्या. बाई त्यांच्यात एक तरी ओळखीचा चेहरा शोधत राहिल्या. प्रशिक्षकाने शिट्टी वाजवली, फोटो निघाले. साहेबांनी माइक हातात घेऊन सांगितले की या हॉलमध्ये मुलींचा सहभाग आजवर शून्य होता, तो एका दिवसात अकरावर गेला आहे, आणि याचे श्रेय एका अभ्यासाला आहे. टाळ्या पडल्या. बाईंना उभे राहून हात जोडावे लागले.

सफाई आता सकाळी यंत्राने होत होती. मावशींना पुढच्या दाराशी खुर्ची दिली होती, ओळखपत्रे बघायला. आठवड्याने बाई गेल्या, तेव्हा त्या खुर्चीत बसल्या होत्या आणि रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना उमगत नव्हते.

“जुन्यांपैकी आल्या होत्या का कुणी?” बाईंनी विचारले.

“पहिल्या दिवशी चौघी आल्या. सवयीनं मागच्या दारानं. ते तर आता बंदच असतं. मग वळसा घालून पुढं आल्या.” मावशी आत बघत म्हणाल्या. “मी म्हटलं, कार्ड? त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. हसल्या. मग मागं तो प्रशिक्षक येऊन उभा राहिला, तेव्हा त्यांना कळलं.”

“मावशी, मला खरंच वाटलं नव्हतं...”

“तुमच्यावर नाही रागवले मी. नावं लिहू नका म्हटलं, तुम्ही नाही लिहिलीत. शब्द पाळलात.” मावशींनी पदराने खुर्चीचा हात पुसला. तो स्वच्छच होता. “अकरा वर्षं दार उघडलं, बाई. आणि अडवलं ते माझ्याच पोरींना.”

आतून शिट्टीचा आवाज येत होता.

“तोफेच्या वडलांचं झेरॉक्सचं दुकान आहे, कोर्टाच्या मागं,” मावशी म्हणाल्या. “माणूस वाईट नाही म्हणतात. बघा जाऊन. तुम्हाला विचारता येतं लोकांना, आम्हाला कुठलं जमायला.”

बाईंनी दुसऱ्या दिवशी पिशवीत ओळखपत्राचा फॉर्म घातला, वर अडीअडचणीला म्हणून आपली प्रश्नावली घातली आणि दुकान गाठले. दुकान अरुंद होते. वडील कपाळावर चष्मा चढवून कागदांना पिना मारत होते. तोफ मशीनपाशी होती. तिने बाईंना पाहिले, आणि अनोळखी गिऱ्हाइकाकडे बघावे तितकाच वेळ बघून मान खाली घातली.

“किती प्रती?” वडिलांनी विचारले.

“प्रती नकोत. मी सर्व्हे करते. मुलींच्या खेळाबद्दल.”

“अरे वा! बाळ, स्टूल दे त्यांना.” वडिलांनी स्टेपलर बाजूला ठेवला. “हॉलवर मुलींचा तास सुरू झालाय ना? पेपरात फोटो होता. चांगलं काम आहे. आम्ही काही तशा जुन्या विचारांचे नाही.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पिशवीत हात घातला, फॉर्म चाचपला. “मग तुमच्या मुलीला...”

“हिला? दोन वर्षांपूर्वी केवढा हट्ट धरला होता हिनं. तेव्हा तिथं सगळी मुलांचीच गर्दी, मी नाही म्हटलं. पण सांगतो, एका शब्दानं उलटून बोलली नाही पोरगी. त्या दिवसापासून शाळा सुटली की वाचनालय, ते साडेपाचपर्यंत. आता ते दुपारचं बंद झालं म्हणे, तर इथं येऊन मला हातभार लावते.” त्यांचा आवाज जरा खाली आला. “हिच्या आईला मी नेहमी म्हणतो, या घरात डोळे मिटून विश्वास ठेवावा तर हिच्यावर.”

तोफ कागदांचा गठ्ठा टेबलावर उभा आपटून सरळ करत होती. सरळ झालेला गठ्ठा तिने पुन्हा आपटला.

बाईंचा हात पिशवीतच राहिला. आज सही मिळाली असती. उद्या वडील कौतुकाने स्वतः सोडायला आले असते, दाराशी उभे राहिले असते. आणि मुलीची पहिली सर्व्हिस जाळीवरून गेल्यावर त्यांनी विचारले असते, हे तू कुठे शिकलीस?

“विचारा की तिलाच,” वडील म्हणाले. “आवडत असेल तर पाठवू. बाळ, खरं ते सांग. मी आहे म्हणून घाबरू नकोस.”

बाईंनी फॉर्म सोडला आणि प्रश्नावली बाहेर काढली. दीड वर्षात पहिल्यांदाच सगळे नियमाप्रमाणे होत होते. पालक समोर हजर होते, त्यांची संमती होती आणि प्रश्न थेट मुलीला होता. पेनचे टोपण काढायला त्यांना वेळ लागला.

“तुला खेळायला आवडतं का?”

“नाही,” तोफ म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता.

“काहीच नाही?”

“नाही. दमायला होतं.”

“बघा,” वडील म्हणाले. त्यांना जरा वाईट वाटल्यासारखे दिसले. “वयाबरोबर आवडी बदलतात पोरांच्या. लिहा तसं.” तेवढ्यात एक वकील फाइल घेऊन आला आणि ते त्याच्याकडे वळले.

बाईंनी चौकोनात खूण केली, कागद दुमडायला घेतला. तोफ काउंटरवरून पुढे वाकली. तिने कागद उलट्या बाजूने वाचला.

“मॅडम, चुकलं,” ती हळूच म्हणाली. “तुम्ही खूण ‘होय’ला केलीय.”

बाईंनी वर बघितले. मुलगी त्यांच्याकडे बघत नव्हती, त्या चौकोनाकडे बघत होती. मग तिने पेनांच्या बरणीतून खाडाखोडीच्या पांढऱ्या शाईची बाटली काढली, झाकण उघडले आणि त्यांच्यापुढे सरकवली.

बाईंनी खुणेवर पांढरी शाई लावली. ती सुकायला तोफेने दोनदा हलकी फुंकर मारली. मग बाईंनी शेजारच्या चौकोनात नवी खूण केली, आणि आता बरोबर आहे अशी तोफेने मान हलवली.