गादी आणि घोडा

आमच्या घरात सगळे म्हणतात की मी नेहमी आपलंच घोडं पुढे दामटते. आजवर मला ते कौतुक वाटायचं. या सुट्टीत मात्र मी खरोखरच घोड्यावर बसले, ते काही केल्या पुढे जाईना, आणि मग या बोलण्याचा अर्थ मला बुडाखालून कळला.

आमचं गाद्या-उशांचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर मी, कात्रीला मी आणि गिऱ्हाइकाशी भांडायलाही मीच. कापूस माळ्यावर ठेवलेला असतो. वर जायला लाकडी जिना आहे, जिना कसला, शिडीच ती. एकदा मुलगा न सांगता दुकानात आला. मी तेव्हा त्या शिडीवरून लहान पोर उतरतं तशी, पायरी-पायरीवर बूड टेकत खाली येत होते.

“आई, गुडघे दुखतात ना?”

“छे! पायऱ्या पुसतेय.”

“बसून?”

“मग काय, झोपून पुसू?”

तोंडानं मी जिंकले, पण त्याच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. तेव्हापासून फोनवर एकच पाढा. दुकान बंद कर, आमच्याकडे राहायला चल, इथे लिफ्ट आहे. लिफ्ट घेऊन मी काय करू? लिफ्टमध्ये गिऱ्हाईक येतं का? शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, “सुट्टीत डोंगरावर जाताय ना? मलाही न्या. त्या शिखरावर चढून दाखवते. चढले तर दुकानाचा विषय पुन्हा काढायचा नाही.”

“आणि नाही चढलीस तर?”

“तर शटर खाली.”

शब्द तोंडातून गेला आणि त्याच्यामागे धावत जाऊन त्याला धरून आणावंसं वाटलं. पण धावायला गुडघे लागतात.

तर अशी आमची वरात थंड हवेच्या ठिकाणी निघाली. मुलगा, सून, मी आणि सुनेची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. विहीणबाई शाळेत शिकवायच्या. आता निवृत्त झाल्यात, पण आवाज अजून वर्गातच आहे. त्यांनी या सहलीसाठी डोंगर चढायचे खास बूट घेतले होते आणि लांब-आखूड होणारी एक काठी. मी माझ्या नेहमीच्या चपलांत. हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या मी गादीत मूठ दाबून पाहिली. स्पंज! मूठ काढली तरी खड्डा तसाच. ज्या गावात गाद्या अशा, तिथल्या डोंगराचा काय भरवसा, असं मनात आलं. 

सकाळी नाश्ता करून निघालो. पायथ्याशी पाटी होती. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो. ‘शिखराकडे’ एवढं लागेपर्यंत मुलगा आणि सून पहिल्या वळणापर्यंत पोचले होते. ‘चढ तीव्र आहे’ हे मी वाचलंच नाही असं ठरवलं.

“आई, येतेस ना?” मुलगा वरून ओरडला.

“तुम्ही व्हा पुढे! मी जरा झाडं बघत येते!”

सुनेनं माझ्याकडे वळून पाहिलं. सबंध जन्मात मी एका झाडाकडे ढुंकून बघितलेलं नाही हे तिला पक्कं माहीत आहे. पण ती काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणूनच मला तिची भीती वाटते.

विहीणबाई माझ्या सोबतीला थांबल्या. पहिल्या वळणाला मी चपलेतला खडा काढायला बसले. दुसऱ्या वळणाला त्या बुटाची नाडी बांधायला बसल्या. पुढे मी पुन्हा खड्यासाठी, त्या पुन्हा नाडीसाठी. खडाही नव्हता आणि नाडीही सुटली नव्हती. शेवटी एका दगडावर दोघी शेजारी टेकलो आणि कारण सांगायचं दोघींच्याही अंगात त्राण उरलं नाही.

तेवढ्यात मागच्या बाजूनं घोडेवाला आला. दोन घोड्या, दोन्ही रिकाम्या.

“बसता का आजी? घोड्यांची वाट वेगळी आहे, मागून जाते. वरच्या वळणापर्यंत सोडतो.”

मी विहीणबाईंकडे पाहिलं, विहीणबाईंनी माझ्याकडे.

“मला काही दिसलं नाही हं,” त्या हळूच म्हणाल्या.

“तुम्ही बसलात तर मलाही दिसणार नाही.”

माझी सून आणि त्यांची मुलगी एकच असल्याचा आम्हाला एवढा आनंद पूर्वी कधी झाला नव्हता.

मला घोडीवर चढवायला घोडेवाला, एक दगड आणि विहीणबाईंची काठी असं तिघांचं बळ लागलं. बसले मात्र आणि लक्षात आलं, खोगिरातला भरणा सगळा एका बाजूला गेलेला. मी कलले ती कललेच.

“काय भरलंय हो यात?”

“गवत असेल.”

“असेल? माझ्या दुकानातून अशी गादी गेली असती तर गिऱ्हाइकानं ती माझ्याच डोक्यावर आणून टाकली असती.”

“तुम्ही सरळ बसा आजी, घोडी बिचकते.”

“सरळच बसलेय. तुमचं खोगीर तिरकं आहे!”

तरी मनातून मी खूश होते. ताठ मान, हातात लगाम. राणीसारखी दिसत असेन असं वाटत होतं. मग एका मोकळ्या जागी घोडी थांबली. टाच मारली, चुचकारलं, शिव्याही दिल्या. ढिम्म.

“आता हिचं घोडं कुठे पेंड खातंय?” मी विचारलं.

“फोटो निघाल्याशिवाय हलत नाही ती. सवय आहे.”

मी काही म्हणायच्या आत एका माणसानं माझ्या डोक्यावर भली मोठी टोपी ठेवली आणि चकाकलं काहीतरी. घोडी लगेच चालू लागली. मागून विहीणबाईंचा आवाज आला, “थांबा हो, केस नीट करू द्या!”

शेवटच्या वळणाआधी आम्ही उतरलो, धापा टाकत असल्याचं सोंग घेतलं आणि शिखरावर पोचलो. तिथे कोणीच नव्हतं. घोडं माणसापेक्षा लवकर पोचतं ही साधी गोष्ट आम्हा दोघींच्या डोक्यात आलीच नव्हती.

बऱ्याच वेळानं मुलगा घामाघूम होऊन आला, मागोमाग सून.

“आई! आमच्या आधी?”

“मग! रोज माळ्यावर चढते मी. उगीच नाही.”

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी कुठली थांबतेय! “तुम्हीच जरा व्यायाम करा,” असंही वर म्हणून घेतलं.

“हरलो बुवा,” तो म्हणाला आणि खाली बसला. “दुकान तुझं. चालव.”

कठड्याला टेकून मी खाली पाहिलं. दरीभर धुकं होतं, पिंजून ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र कापसासारखं, खोळीत भरायचं राहून गेलेलं. मनात म्हटलं, बाई, आता खुशाल गल्ल्यावर बस.

“अहो आजी! घोडीवाल्या आजी!”

फोटोवाला हातात पाकीट नाचवत आला. “तुमचा फोटो राहिला!”

“माझा नाही. दुसरी कोणी असेल.”

त्यानं फोटो सर्वांसमोर धरला. राणी कुठली! दोन्ही हातांनी घोडीच्या मानेला मिठी, डोळे घट्ट मिटलेले, तोंड उघडं, टोपी नाकावर. घोडी मात्र छान आली होती.

“ही मी कशावरून? चेहरा तरी दिसतोय का?” मी म्हणाले.

आणि माझ्या शेजारून विहीणबाई पुढे झाल्या. “आणि माझा कसा आलाय हो?”

संपलं. एका फोटोपायी माझं दुकान गेलं.

मुलगा फोटोकडे बघत राहिला. त्याला हसू येत होतं, पण तो हसला नाही, आणि तेच मला लागलं.

“आई, मला तुला हरवायचं नव्हतं गं. तू त्या शिडीवरून पडशील आणि मला कोणीतरी फोन करून सांगेल, एवढीच भीती आहे.”

उत्तर तयार होतं, नेहमीच असतं. पण गुडघे इतके ठणकत होते की त्यांच्यापुढे मला बोलवेना. मी गप्प बसले, तसे सगळे घाबरले.

“शटर खाली म्हणालेय मी,” शेवटी म्हटलं. “शब्द माझा आहे. पण एक सांग, दुकान काय माझ्या पायांनी चालतं?”

“शिडी पायांनीच चढतात, आई.”

तेव्हा सून बोलली. “मग शिडीच काढून टाकू या. कापूस खालच्या खोलीत आणा, मागे नुसती अडगळ तर आहे. दुकान चालू दे, आई चालल्या नाहीत तरी.”

मुलगा माझ्याकडे पाहत होता. त्या मागच्या खोलीत कोणाला हात लावू द्यायची नाही मी. त्यातली अडगळ माझी आहे. शिवाय त्या शिडीवर चढून मी आजवर सगळ्या जगाकडे वरून बघितलेलं.

“चालेल?” मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं असेल. एरवी माझं नुसतं चालतं, मी विचारत नाही.

“चालेल,” तो म्हणाला. आणि मग पोट धरून हसला.

उतरताना मी सर्वांदेखत घोडीवर बसले. खोगीर अजून तिरकंच होतं.

शिडी आता दुकानात नाही. कापूस खाली आलाय, अडगळ भंगारात गेलीय, आणि गल्ल्यामागे सुनेनं तो फोटो चौकटीत घालून लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, “ह्या कोण हो?”

मी सांगते, “माझी थोरली बहीण. बिचारीचे गुडघे दुखायचे.”